बास्केटबॉलचे बूट घेताना: उडी किती वाढते, घोटा किती वाचतो

आंतरशालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या सिमेंटच्या कोर्टाबाहेर एखादे पालक हमखास थांबतात आणि मोबाइलमधले छायाचित्र दाखवून विचारतात, “सर, हे पंधरा हजारांचे बूट घेतले तर याची उडी वाढेल ना? आणि घोटा तरी मुरगळणार नाही?” मुलगा मागे उभा राहून माझ्याकडे आशेने पाहत असतो, त्यामुळे उत्तर देणे अवघड होते. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही जाहिरातीत सांगितली जातात त्यापेक्षा बरीच साधी आहेत. बुटाने उडी वाढते ती मोजायला कष्ट पडतील इतकी थोडी. घोट्याचे रक्षण बुटापेक्षा इतर दोन उपायांनी अधिक होते. आणि ज्या गुणासाठी खरोखर पैसे मोजावेत तो गुण, म्हणजे जमिनीवरची पकड, दुकानात कोणी फारसा सांगत नाही. बूट निवडण्यापूर्वी, निवडताना आणि घेतल्यानंतर काय करावे, हे या तीन गोष्टींच्या आधाराने पुढे मांडले आहे.

उडीचा हिशोब आधी कागदावर करावा

साठ किलो वजनाच्या खेळाडूचे शरीर एक सेंटिमीटर वर उचलायला जवळपास 6 ज्यूल ऊर्जा लागते. चाळीस सेंटिमीटरची उडी म्हणजे सुमारे 235 ज्यूल. ही ऊर्जा मांड्या, नितंब आणि पोटऱ्या यांच्या स्नायूंतून येते. बुटाचा फोम स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही; दाबला जाताना घेतलेल्या ऊर्जेतली काही तो परत देतो आणि उरलेली उष्णतेच्या रूपाने गमावतो. धावण्याच्या बुटांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळेतील मोजणीत, सुमारे 2000 न्यूटन बळाने दाबल्यावर नेहमीच्या ईव्हीए फोमच्या स्पर्धा-बुटाने घेतलेल्या ऊर्जेच्या सुमारे 66 टक्के ऊर्जा परत दिली, तर पीबा जातीच्या नव्या फोमने 87 टक्के. टक्केवारी डोळ्यांत भरणारी आहे. पण ज्यूलमध्ये पाहिले तर नव्या बुटाने दर पावलाला साडेसात ज्यूलच्या आत आणि जुन्याने साडेतीन ज्यूलच्या आत ऊर्जा परत केली होती.

आता दोन्ही पायांवरून उडी मारणाऱ्या आपल्या साठ किलोच्या मुलाकडे येऊ. उडीच्या ऐन क्षणी जमिनीवरचे एकूण बळ त्याच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास असते आणि ते दोन पायांत विभागले जाते, म्हणजे एका बुटावर साधारण 700 न्यूटन, प्रयोगशाळेतल्या बळाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित अधिक. स्प्रिंगसारख्या वस्तूत बळ तिसऱ्या हिश्शावर आले की साठणारी ऊर्जा नवव्या हिश्शाच्या आसपास येते. या हिशोबाने अत्यंत उत्तम फोमचे दोन बूट मिळून जेमतेम दोन ज्यूल परत देतील आणि तेवढ्यात तीन-चार मिलिमीटर उंची मिळेल. एका पायावरून घेतलेल्या लेअपच्या (धावत येऊन जवळून रिंगमध्ये चेंडू टाकण्याच्या) उडीत बळ पुष्कळ मोठे असते, पण तिथेही साधा फोम आणि महाग फोम यांतला फरक कागदावर सेंटिमीटरभराच्या पलीकडे फारसा जात नाही. रिंग 3.05 मीटरवर आहे आणि ती तिथेच राहणार आहे.

फोमखेरीज दुसरा मार्ग आहे तो सोलच्या ताठरपणाचा. चवड्याच्या सांध्याशी बोटे वाकतात तेव्हा थोडी ऊर्जा वाया जाते; सोलमध्ये कार्बन फायबरची पट्टी घालून ते वाकणे कमी केले तर ही गळती थांबेल, अशी कल्पना होती. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातल्या स्टेफानिशिन आणि निग यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 25 जणांची उडी ताठ सोलमुळे सरासरी 1.7 सेंटिमीटरने वाढली. हा आकडा खरा आहे, लहान आहे आणि सरासरीचा आहे, म्हणजे त्यांतल्या प्रत्येकाला तो सारखा मिळालेला नाही. ताठ सोलमुळे पोटरीवर आणि चवड्यावर पडणारा भारही बदलतो, म्हणून वाढीच्या वयातल्या मुलाला केवळ या पट्टीसाठी दुप्पट किमतीचा बूट घेऊन देऊ नये, असे मला वाटते.

तुलनेसाठी दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहावे. उड्यांच्या पद्धतशीर व्यायामांवरील अनेक अभ्यास एकत्र करून 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात उभ्या उडीत उडीच्या प्रकारानुसार सरासरी पावणेपाच ते पावणेनऊ टक्के वाढ आढळली. चाळीस सेंटिमीटर उडी मारणाऱ्याच्या बाबतीत ही वाढ सुमारे दोन ते साडेतीन सेंटिमीटर भरते, आणि ती बूट बदलला तरी सोबत राहते. हातांचा झोका नीट घेतला तरी उडी दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. ज्या मुलाला अजून हात शरीराशी चिकटवून उडी मारायची सवय आहे, त्याच्या बुटांवर पंधरा हजार घालवण्यापूर्वी पंधरा दिवस हा झोका शिकवावा.

बंदीची जाहिरात

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने ऑक्टोबर 2010 मध्ये अ‍ॅथलेटिक प्रोपल्शन लॅब्ज या कंपनीच्या कन्सेप्ट 1 या बुटावर, खेळाडूला अवाजवी लाभ मिळेल या कारणाने, बंदी घातली. चवड्याखाली स्प्रिंगसारखी रचना असलेल्या या बुटाची किंमत 300 डॉलर होती, आणि एनबीएने नाकारलेला बूट म्हणून त्याची जेवढी चर्चा झाली तेवढी एरवी एखाद्या नव्या कंपनीच्या वाट्याला येत नाही. बंदी हा नियमाचा निर्णय असतो. ती म्हणजे उडी किती वाढते याची मोजणी नव्हे. विक्रेत्याने ही गोष्ट सांगितली तर ऐकून घ्यावी आणि पुढचा बूट मागावा.

याच्याच जवळची आणखी एक वस्तू ऑनलाइन विक्रीत अधूनमधून दिसते: चवड्याखाली जाड ठोकळा आणि टाच अधांतरी, असा सरावाचा बूट किंवा बुटावर चढवायचा पट्टा. तो घालून उड्या मारल्या की पोटऱ्या फुगतील आणि उडी वाढेल, असा दावा असतो. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बुटाने ताकद किंवा लवचीकपणा यांत काही वाढ दिसली नाही. नडगीच्या दुखण्याची तक्रार मात्र झाली. टाच टेकत नसताना पोटरी आणि टाचेमागची शीर यांवर ताण किती येतो, हे पायऱ्यांच्या कडेवर उभे राहून दोन मिनिटांत कळते. ही वस्तू घेऊ नये.

बूट चढवल्यावर उडी वाढली असे वाटते, ते का

नवे बूट घालून आलेला मुलगा पहिल्या दिवशी खरोखर उंच उडतो, हे मी पाहिले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेळाडूंना वेगवेगळ्या वजनाचे बूट देण्यात आले. कोणता बूट हलका आहे हे ज्यांना सांगितले होते, त्यांची उडी हलक्या बुटात सुमारे दोन टक्क्यांनी वाढली. ज्यांना वजनाचा पत्ताच लागू दिला नव्हता, त्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही. म्हणजे वाढ खरी होती, पण तिचे श्रेय मनाला होते. सामन्याच्या दिवशी मनाचाही उपयोग होतो, त्यामुळे मुलाला आवडलेल्या रंगाचा बूट घेण्यात चूक नाही. फक्त तो फोमच्या नावाने अधिक पैसे देऊन घेऊ नये.

स्वतः खात्री करून घ्यायची असेल तर घरच्या घरी चाचणी करता येते. भिंतीशी कडेने उभे राहून, हात ताणून, बोटाला खडू लावून पहिली खूण करावी. मग उडी मारून दुसरी खूण करावी. दोन्हींतले अंतर ही उडी. बोस्टनजवळच्या हार्वर्डमध्ये शारीरिक शिक्षण शिकवलेल्या डडली सार्जंट यांनी 1921 मध्ये मांडलेली ही चाचणी शंभर वर्षांनंतरही उपयोगी आहे. उभे राहून केलेली पहिली खूण प्रत्येक बुटासाठी नव्याने करावी, कारण जाड सोलच्या बुटाने हात आपोआपच वर जातो आणि ती उंची उडीत धरली जाता कामा नये. दहा मिनिटे अंग मोकळे करून आधी जुन्या बुटात पाच उड्या, मग नव्यात पाच, पुन्हा नव्यात पाच आणि शेवटी जुन्यात पाच घ्याव्यात. दोन उड्यांमध्ये किमान अर्धा मिनिट विश्रांती असावी. हा उलटसुलट क्रम ठेवला नाही तर अंग तापल्याचा लाभ किंवा थकव्याचा तोटा एकाच बुटाच्या खात्यावर जमा होतो. मग दोन्ही बुटांच्या सरासरीतला फरक, एकाच बुटातल्या लहान-मोठ्या उड्यांतल्या फरकाशेजारी ठेवून पाहावा. एकाच बुटात उडी चार सेंटिमीटरने वर-खाली होत असेल आणि दोन बुटांच्या सरासरीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक असेल, तर त्या अर्ध्या सेंटिमीटरला काही अर्थ नाही.

मोबाइलने मोजायचे असेल तर पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ सेकंदात घ्यावा, त्याचा वर्ग करून 122.5 ने गुणावे. उत्तर सेंटिमीटरमध्ये येते. हवेतला वेळ 0.6 सेकंद असेल तर उडी 44 सेंटिमीटर. मात्र चित्रीकरण सेकंदाला 240 चौकटींच्या (फ्रेमच्या) स्लो मोशनमध्येच करावे. सेकंदाला 30 चौकटींच्या साध्या चित्रीकरणात एका चौकटीची चूक झाली तरी उत्तर पाच सेंटिमीटरने बदलते, आणि आपण शोधत असलेला फरक त्याहून लहान आहे. खाली येताना गुडघे दुमडू नयेत, नाहीतर हवेतला वेळ खोटा वाढतो. मुले हे मुद्दाम करतात.

पैसे मोजावेत ते पकडीसाठी

बुटाचे वजन, सोलचा ताठरपणा आणि जमिनीवरची पकड हे तीन गुण एकेक करून बदलून धावणे, उडी आणि दिशा बदलणे यांवरचा परिणाम तपासणारा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात सर्वांत ठळक परिणाम पकडीचा दिसला. कारण समजायला सोपे आहे. रिबाउंडसाठी (रिंगवरून परतलेला चेंडू पकडण्यासाठी) किंवा लेअपसाठी शेवटची दोन पावले जोरात टाकून धावण्याचा वेग वरच्या दिशेला वळवायचा असतो. त्या क्षणी पाय दोन सेंटिमीटर घसरला तर स्नायूंनी निर्माण केलेले बळ जमिनीला मिळतच नाही. बूट उडी वाढवतो म्हणण्यापेक्षा चांगला बूट आहे ती उडी वाया जाऊ देत नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे.

नाशिकमध्ये पकडीचा प्रश्न ऋतूप्रमाणे बदलतो. परदेशी समीक्षक ज्या बुटांची वाखाणणी करतात ते बहुधा पॉलिश केलेल्या लाकडी कोर्टावर तपासलेले असतात. आपली बहुतेक मुले शाळेच्या, महाविद्यालयाच्या किंवा वसाहतीच्या उघड्या सिमेंटवर खेळतात. लाकडासाठी केलेले मऊ रबर सिमेंटवर खोडरबरासारखे झिजते, आणि रोज खेळणाऱ्याच्या बुटाची नक्षी एका हंगामात सपाट होते. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की कोर्टावर बारीक धूळ बसते. ती नक्षीच्या अरुंद खाचांत भरली की नवा बूटही घसरतो. पारदर्शक, काचेसारखे दिसणारे सोल दुकानात सुंदर दिसतात, पण धूळ सर्वांत आधी तेच धरतात असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात सिमेंटच्या सावलीतल्या कोपऱ्यांवर शेवाळ धरते आणि त्यावर कोणत्याही कंपनीचे रबर टिकत नाही. तिथे उपाय बुटाचा नसून खराट्याचा आणि ब्लीचिंग पावडरचा आहे.

म्हणून सोल पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. नक्षी खोल असावी आणि रेषा नागमोडी, माशाच्या काट्यासारख्या असाव्यात, म्हणजे पाय कोणत्याही दिशेला अडला तरी काही रेषा आडव्या येतात. खाचा इतक्या रुंद असाव्यात की धूळ दोन बोटांनी झटकता येईल. आणि रबर नखाने दाबले असता लगेच खोल खळगा पडू नये. तो पडला तर बूट बंदिस्त सभागृहासाठी आहे. काही कंपन्या बाहेरच्या कोर्टासाठी अधिक कठीण रबराची वेगळी आवृत्ती काढतात. ती मागून घ्यावी. जो मुलगा सराव सिमेंटवर आणि सामने लाकडी कोर्टावर खेळतो, त्याने एका महाग जोडापेक्षा दोन मध्यम जोड घ्यावेत, असे माझे मत आहे, आणि आतापर्यंत त्याला विरोध करणारे पालक मला भेटलेले नाहीत, विक्रेते भेटले आहेत.

पकडीलाही एक मर्यादा आहे. पाय जमिनीला पूर्ण चिकटला आणि अंग वळले तर ते वळण गुडघ्यावर येते. गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाच्या मोठ्या दुखापती पुष्कळदा कोणाचा धक्का न लागता, अशाच थांबण्याच्या किंवा वळण्याच्या क्षणी होतात, आणि मुलींमध्ये त्यांचे प्रमाण अधिक असते. या दुखापतीपासून वाचवेल असा बूट बाजारात नाही. उतरताना गुडघे आत न झुकवता, वाकवून, दोन्ही पायांवर उतरायला शिकणे हाच मार्ग आहे.

घोटा: उंच कॉलर, हवेच्या पिशव्या आणि ब्रेस

बास्केटबॉलमध्ये घोटा बहुतेक वेळा उतरताना मुरगळतो, आणि अनेकदा दुसऱ्याच्या पायावर पाय पडून. पाऊल आत वळते, बोटे खाली झुकलेली असतात आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध आधी ताणला जातो. हे सगळे इतक्या झटपट घडते की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आवळले जाण्यापूर्वीच इजा झालेली असते. मऊ कापडाची उंच कॉलर शरीराच्या कित्येकपट वजनाचे हे वळण अडवेल, ही अपेक्षाच मोठी आहे.

याची प्रत्यक्ष तपासणी 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील 622 महाविद्यालयीन खेळाडूंना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे उंच बूट, हवा भरता येणाऱ्या कप्प्यांचे उंच बूट आणि बुटके बूट वाटण्यात आले. हंगामाच्या शेवटी तिन्ही गटांतल्या घोट्याच्या दुखापतींत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. दुखापती एकूण 15च होत्या, त्यामुळे लहानसा फरक या अभ्यासातून निसटलाही असेल. पण उंच कॉलर घोट्याचे कवच आहे, असे म्हणण्याला आधार मिळाला नाही. ज्याला उंच बुटात बरे वाटते त्याने तो जरूर घालावा, फक्त तो घातला म्हणून ब्रेस (घोट्याला आधार देणारे आवरण) सोडू नये.

ऑस्ट्रेलियात दहा हजारांहून अधिक खेळाडू-सहभागांची (एका खेळाडूने एकदा खेळणे म्हणजे एक सहभाग) नोंद घेऊन 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन गोष्टी पुढे आल्या. पूर्वी घोटा मुरगळलेल्यांना पुन्हा इजा होण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. खेळापूर्वी अंग न ताणणाऱ्यांना ती अडीचपटीहून अधिक होती. आणि टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्यांना ती चारपटीहून अधिक होती. यावरून हवेच्या पिशवीने इजा झाली असे सिद्ध होत नाही, कारण तो निरीक्षणाचा अभ्यास होता. परंतु टाच जितकी उंच आणि मऊ, तितका पाऊल बाजूला कलंडण्याचा दांडा लांब होतो, हे साध्या यंत्रशास्त्रातून पटते. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पळायला घेतलेले जाड फोमचे बूट घालून काही मुले संध्याकाळी तेच कोर्टावर आणतात. ते बूट सरळ पळण्यासाठी केलेले आहेत. बाजूला उडी घेताना त्यांची उंच टाच दगा देते. माझ्याच गटातल्या एका मुलाचा घोटा अशा बुटात दोन महिन्यांत दोनदा मुरगळला, आणि पहिल्या वेळी मी त्याला बूट बदलायला सांगितले नव्हते, ही माझी चूक होती.

जाड कुशनिंगबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकाच पृष्ठभागाबद्दल वेगवेगळी माहिती दिली गेली. तो अधिक संरक्षण देतो असे ज्यांना सांगितले, ते त्यावर अधिक जोराने उतरले. मऊ बुटाच्या भरवशावर मुले धाडकन उतरायला शिकतात आणि बुटाने वाचवलेला धक्का तिथेच परत येतो. कुशनिंग नको असा याचा अर्थ नाही, सिमेंटवर ते हवेच. उतरण्याचा आवाज मात्र ऐकत राहावा. आवाज कमी येईल असे उतरा, एवढी एकच सूचना मुलांना गुडघा वाकवण्याच्या दहा सूचनांपेक्षा लवकर कळते.

मग घोटा वाचवते काय? अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 1460 शालेय बास्केटबॉलपटूंवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नाडी बांधायचा अँकल ब्रेस वापरणाऱ्या गटात सराव-सामन्यांतील दर 1000 खेळाडू-सहभागांमागे घोट्याच्या 0.47 दुखापती झाल्या, तर न वापरणाऱ्या गटात 1.41. म्हणजे तिसरा हिस्सा. जी दुखापत झाली तिची तीव्रता ब्रेसने कमी झाली नाही, हेही तिथेच नोंदवले आहे. दुसरा उपाय तोलाच्या व्यायामांचा: 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 765 शालेय फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंच्या चाचणीत अशा व्यायामांनी घोटा मुरगळण्याचे प्रमाण 38 टक्क्यांनी घटले. यासाठी लागणारे साहित्य घरात आहे. दात घासताना एका पायावर उभे राहावे. ते जमले की डोळे मिटून. तेही जमले की उशीवर उभे राहून भिंतीवर चेंडू टाकत आणि झेलत. आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक पायाला अर्ध्या मिनिटाच्या चार फेऱ्या पुरतात.

पंधरा हजार खर्चायचेच असतील तर मी ते असे वाटीन: सहा-सात हजारांचा चांगल्या पकडीचा बूट, ज्याचा घोटा आधी मुरगळला आहे त्याच्यासाठी दोन्ही पायांचे ब्रेस, आणि उरलेल्यात फिजिओथेरपिस्टकडच्या दोन-तीन भेटी.

दुकानात

मेन रोडवरचे दुकान असो की कॉलेज रोडवरची शोरूम, बूट संध्याकाळी घ्यायला जावे, कारण दिवसभरात पाऊल थोडे सुजते. खेळायचे मोजे आणि ब्रेस वापरत असाल तर तोही सोबत न्यावा. ब्रेसशिवाय अचूक बसलेला बूट ब्रेससह चढतच नाही. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या अर्ध्या रुंदीएवढी जागा असावी. आपल्याकडे अनेकांचा चवडा रुंद असतो आणि बूट अरुंद साच्याचे येतात. तिथे एक नंबर मोठा घेण्यापेक्षा दुसरे मॉडेल पाहावे, कारण लांब बुटात पाऊल पुढेमागे सरकते आणि नखे काळी पडतात.

बूट हातात घेऊन वाकवावा. तो चवड्याच्या रेषेत वाकला पाहिजे; मधोमध दुमडला तर ठेवून द्यावा. टाचेचा मागचा वाटीसारखा भाग दोन बोटांनी दाबल्यावर चेपू नये. चवड्याच्या बाहेरच्या बाजूला सोल थोडा पसरलेला असावा, तो बाजूला थांबताना बूट कलंडू देत नाही. मग पायात घालून, शेवटच्या छिद्रापर्यंत नाडी ओवून, दुकानातच दोन पावले धावून थांबावे आणि डावीकडे-उजवीकडे सरकून पाहावे. टाच वर उचलली जात असेल तर वरच्या जादा छिद्रातून नाडीचा लहान फास करून दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओढावी. तरीही उचलली गेली तर तो बूट आपला नाही. “वापरून सैल होईल” हे वाक्य विक्रेता म्हणेल. कापड सैल होते, साचा बदलत नाही.

सवलतीतला जुना माल घेताना बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर उत्पादनाची तारीख असते का पाहावे. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही वर्षानुवर्षे कुजत राहतो; मी एकदा अर्ध्या किमतीत घेतलेला देखणा जोड तिसऱ्या संध्याकाळी तळापासून सुटून आला, आणि दुकानाने बिलावरची बारीक अक्षरे दाखवली. नामवंत खेळाडूंचे बूटही फुटतात: 20 फेब्रुवारी 2019 रोजी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या झायन विल्यमसनचा बूट सामन्याच्या पहिल्याच मिनिटात फाटला आणि त्याचा गुडघा मुरगळला.

घेतल्यानंतर

कोर्टाचे बूट घरून घालून येऊ नये, पिशवीतून आणावेत. डांबरी रस्त्यावर चालण्याने नक्षी विनाकारण झिजते आणि खाचांत माती भरते. खेळापूर्वी सोल ओल्या फडक्याने पुसावा. भिजलेला बूट उन्हात किंवा हीटरजवळ न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली वाळवावा. पावसाळ्यात बोळे दोनदा बदलावे लागतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहाच्या खाली येतो तेव्हा फोम थंडीने कडक होतो, म्हणून पहाटेच्या सरावाचे बूट रात्री गॅलरीत ठेवू नयेत आणि पहिल्या दहा मिनिटांत उंच उड्या घेऊ नयेत.

चवड्याखालची नक्षी सपाट झाली, सोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या, किंवा बूट टेबलावर ठेवल्यावर एका बाजूला कललेला दिसला की तो सरावातून काढावा.

आणि घोटा मुरगळलाच, तर बूट लगेच ओढून काढण्याची घाई न करता नाडी सैल करून सावकाश काढावा, पाय उंच ठेवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा मिनिटे लावावा. पहिल्या दिवशी गरम तेलाने चोळू नये आणि घोटा ओढून “बसवून” देणाऱ्याकडे नेऊ नये. आजीचा हळदीचा लेप दुसऱ्या दिवशीही लावता येईल. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही मुलाला चार पावले टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या कोणत्याही बाजूच्या हाडाच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्यावा. कॅनडातील ओटावा येथे 1992 मध्ये तयार झालेले हे निकष डॉक्टर आजही वापरतात. पायाच्या मधल्या भागात, आतल्या किंवा बाहेरच्या कडेच्या हाडावर दाबून दुखत असेल तरीही तेच करावे. परत खेळायला उतरवताना दुखऱ्या पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहता येते का आणि त्याच पायावर दहा उड्या न अडखळता मारता येतात का, हे पाहावे. दोन्ही जमेपर्यंत बूट पिशवीतच राहू द्यावेत.